खुर्चीऐवजी कैसराचा दिनार

रविवार, ११ जानेवारी

आज सकाळी मिस्साची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या तळघरात मी उभा राहिलो आणि एका खुर्चीचा पराभव केला.

फादर सेव्हरिन एकतीस वर्षं आमच्या गावात आहेत. जूनमध्ये निवृत्त होणार. त्यांना गावातर्फे काय भेट द्यायची, हे ठरवायला कमिटी आहे. कमिटी म्हणजे व्हेरीना हेम्मेश. बाकीचे आम्ही डोनट खायला असतो. व्हेरीना म्हणाली, फादरचे गुडघे गेलेत, वेदीच्या पायऱ्या उतरताना वाजतात ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येतं, तेव्हा त्यांना एक चांगली रिक्लायनर खुर्ची घेऊ. तपकिरी, उजव्या हाताला दांडी असलेली. दुकानात सहाशे डॉलरला आहे. मागच्या महिन्यात फादर सहज म्हणून तिच्यात बसले, तर दुकान बंद करायच्या वेळी मालकाला त्यांना हलवून उठवावं लागलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी म्हणालो, खुर्ची काय, कोणीही देईल. आपण फादरना येशूच्या काळातलं चांदीचं नाणं देऊ. तिबेरियस कैसराचा दिनार. बायबलात ज्याच्यावरचं तोंड दाखवून प्रभूने विचारलं की हे चित्र कोणाचं, तसलं नाणं. कोण जाणे, तेच नाणं.

कॉफीचं यंत्र गुरगुरलं. व्हेरीना म्हणाली, लिअँडर, नाण्यावर बसता येत नाही. पण मतं घेतली तेव्हा नऊ माझ्या बाजूने, चार खुर्चीच्या बाजूने. सहाशे डॉलर माझ्या हवाली झाले.

चार वाक्यांच्या वर मी सभेत कधी बोललेलो नाही. आज शब्द आपोआप आले. अशा वेळी ते वरून कोणाकडून येतात हे मला माहीत आहे, म्हणून फुशारकी मारत नाही.

हे घरी माझ्या रिक्लायनरमध्ये बसून लिहितोय. तपकिरी, उजव्या हाताला दांडी. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा डेल्फीनने दिली. पाय वर. बाहेर उणे चोवीस.

मंगळवार, १३ जानेवारी

माझी पात्रता लिहून ठेवतो. रोजनिशीत उगाच नम्रपणा करून कोणाला फसवायचं?

एक. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन बारा रोमन नाणी घेतली, मातीत माखलेली, न धुतलेली. तीन महिने ऑलिव्ह तेलात भिजवून टूथब्रशने घासली. बारापैकी अकरा नाणी निघाली आणि एक विजारीचं बटण. आठांवर काहीच दिसत नाही. एकावर सम्राटाचं अर्धं नाक दिसतं. नाकावरून सम्राट ओळखायची सवय तेव्हापासून लागली.

दुसरं म्हणजे सहकारी धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर मी सव्वीस वर्षं आहे. मक्याच्या भावात पाणी मला अजून कोणी विकलेलं नाही. ज्याला ट्रकभर मक्यातला ओलावा मुठीत कळतो, त्याला एका नाण्यातली लबाडी कळणार नाही?

डेल्फीन म्हणाली, बटण तू तीन महिने घासत होतास. मी म्हणालो, तेही जुनंच होतं.

गुरुवार, २२ जानेवारी

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ओहायोतल्या पेल नावाच्या व्यापाऱ्याला फोन केला. चाळीस वर्षं जुनी नाणी विकतो. त्याच्याकडे तिबेरियसचा दिनार आहे, पाचशे पंचाहत्तर डॉलर. फोटो पाहिला. निराशा. कैसर एका बाजूला सरकलाय, डोक्याचा मागचा भाग नाण्यावर मावलेलाच नाही. गालावर कोणा सावकाराने तेव्हा चांदी तपासायला मारलेला ठोका. मागच्या बाजूची बसलेली बाई झिजून पोत्यासारखी झालीय.

मी विचारलं, किंमत जरा जास्त नाही का? म्हणाला, लोक काय मागतात ते बघू नका, तसलीच नाणी खरोखर केवढ्याला विकली गेली ते बघा. किंमत तीन गोष्टींची असते : चेहरा, चांदी आणि विकणाऱ्याचा शब्द. माझं नाणं खोटं निघालं, तर मी जिवंत असेपर्यंत परत घेईन.

मी विचारलं, तुमचं वय किती? म्हणाला, एकोणऐंशी. मी मनात नोंद केली.

मग आपणहून शिकवू लागला. म्हणाला, ही नाणी हाताने ठोकत. एक ठोका, एक नाणं. प्रत्येक वेगळं बसतं, आणि पुढे प्रत्येक वेगळं झिजतं. कुठे दोन नाणी अगदी सारखी दिसली, त्याच जागी तोच ओरखडा असला, तर पळत सुटा. एका नाण्याचा साचा करून ओतलेली असतात.

चांगला माणूस, पण दुकानदार. इथे लिहून ठेवलं. विसरणार नाही.

रविवार, १ फेब्रुवारी

योग्य किंमत काढायची माझी रीत : आज इंटरनेटवर जितके तिबेरियस आहेत त्यातला सर्वांत महाग चौदाशेचा, सर्वांत स्वस्त साठचा. बेरीज करून निम्मं केलं, सातशे तीस. त्याखाली मिळालं की फायदा. पेलचा हिशेब चाळीस वर्षांचा, माझा एका दुपारचा. कधी कधी ताजी नजर लागते.

व्हेरीनाने चर्चच्या दारात विचारलं, काय रे, मिळालं का नाणं, का खुर्ची बघू? तिला सांगितलं, असल्या गोष्टींना घाई चालत नाही. म्हणाली, दोन हजार वर्षं थांबलंय, जूनपर्यंत नाही थांबायचं.

रविवार, ८ फेब्रुवारी

सापडला!

लिलावात. विकणाऱ्याचं नाव ‘रोमन खजिना’. आजोबांचा संग्रह, माळ्यावर सापडला, असं लिहिलंय. म्हणजे विकणाऱ्याला स्वतःलाच काही कळत नाही, हे उघड आहे. अशांकडूनच माल घ्यावा. कैसर बरोबर मधोमध. अक्षरं सगळी. बाई खुर्चीवर ऐटीत बसलेली, हातात भाला, दुसऱ्या हातात फांदी. कानामागे बारीक ओरखडा, सात वाजण्याच्या जागी कडेला टवका. सोबत सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट आणि मखमली डबी. आवडलं नाही तर तीस दिवसांत परत.

पेलकडे मखमली डबी नव्हती. विचारलं होतं.

डेल्फीनला दाखवलं. ती म्हणाली, ही बाई खुर्चीवर बसलीय. मी म्हणालो, हो. ती म्हणाली, बघ, कैसराच्या घरी पण खुर्चीच लागते.

रविवार, १५ फेब्रुवारी

आज फार समाधानाचा दिवस. घाईने बोली लावायची नाही म्हणून दुपारभर खात्री करत बसलो. दुसऱ्या एका साइटवर, दुसऱ्याच विकणाऱ्याकडे, हुबेहूब असाच दिनार सापडला. तीनशे चाळीस डॉलर. हुबेहूब म्हणजे काय, कानामागचा ओरखडासुद्धा तोच! सात वाजताचा टवकासुद्धा! संध्याकाळी तिसरा सापडला, बल्गेरियात. तोही तसाच.

तीन वेगवेगळ्या देशांतली तीन वेगवेगळी माणसं एकाच गोष्टीची साक्ष देतायत. याहून मोठा पुरावा कोर्टातही मागत नाहीत. रोमन लोकांच्या कामातला नेमकेपणा बघून मन भरून आलं. आमच्या कोठारात दोन माणसं एकसारखी पावती लिहीत नाहीत.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

उद्या राखेचा बुधवार, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू. लिलाव आज संपायचा होता, यात मला देवाची योजना दिसते.

कोणीतरी ‘सीझरफॅन’ नावाचा माणूस सारखा माझ्यावर चढत होता. मी दोनशे, तो दोनशे दहा. मी अडीचशे, तो दोनशे साठ. माझी हद्द कुठवर आहे हे त्याला कळतंय की काय असं वाटायचं. शेवटी तीनशे बाराला तो थांबला आणि नाणं माझं झालं. बिचारा. त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हटली.

सहाशेतले दोनशे अठ्ठ्याऐंशी वाचले. पेलला इमेल केलं. टोमणा नाही, नुसती माहिती : फोटो, किंमत, आणि असेच हुबेहूब आणखी दोन सापडले, ओरखड्यासकट, ही आनंदाची बातमी. कळवावंसं वाटलं.

मग डेल्फीनने केलेले पॅनकेक खाल्ले, आठ. उद्यापासून चाळीस दिवस संयम.

बुधवार, १८ फेब्रुवारी

कपाळावर राख. फादर सेव्हरिन अंगठ्याने राख लावताना वाकले आणि दोन्ही गुडघे वाजले. ऐकून वाईट वाटलं. नाणं बघून त्यांना वेदनेचा विसर पडेल.

या उपवासकाळातला माझा त्याग : ईस्टरपर्यंत नाण्यांची साइट उघडायची नाही, नाण्यांविषयीचं इमेल वाचायचं नाही, नाण्याला हात लावायचा नाही. गेल्या वर्षी पाय सोडला होता, म्हणजे खायचा पाय, सफरचंदाचा. ते सोपं होतं. त्याग दुखला पाहिजे, असं शाळेत सिस्टर अल्बिना सांगायच्या. आठ इयत्ता एकाच खोलीत, पण हे सगळ्यांना पाठ होतं.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

पार्सल आलं. न उघडता कपाटात, जुन्या बुटांच्या मागे ठेवलं. मोह झाला. जपमाळ पूर्ण केली. मोह गेला नाही, पण जपमाळ पूर्ण झाली.

पेलचं इमेल आलंय. विषय दिसतो : ‘तुमच्या नाण्याविषयी. कृपया लगेच वाचा.’ अभिनंदन करायची किती घाई! पण व्रत म्हणजे व्रत.

शुक्रवार, ६ मार्च

चर्चच्या तळघरात मांसाऐवजी मासे तळण्याचा शुक्रवार. मी कॉड तळत होतो. पेलचं दुसरं इमेल : ‘पहिलं वाचलंत का?’ म्हाताऱ्याला स्तुती केल्याशिवाय राहवत नाहीये.

घरी डेल्फीन म्हणाली, अरे वाच की, काहीतरी गडबड असेल. मी म्हणालो, व्रत आहे. ती म्हणाली, रविवार चाळीस दिवसांत मोजत नाहीत, माझी आई रविवारी चॉकलेट खायची. मी म्हणालो, तुझी आई रविवारच्या वाटेने स्वर्गात गेली असेल, मी सरळ रस्त्याने जाणार. ती म्हणाली, जा, मग परतीचं तिकीटही काढू नकोस.

बायकांना निग्रहातला आनंद कळत नाही.

रविवार, १५ मार्च

वाचलेल्या पैशांतून अक्रोडाच्या लाकडाची पेटी करायला टाकली. काचेचं झाकण, आत दिवा, खाली पितळी पाटी. पेटी म्हणजे काही नाणं नव्हे, त्यामुळे व्रत मोडत नाही. पाटीवरचा मजकूर मीच लिहिला : ‘कैसराचा अस्सल दिनार. फादर सेव्हरिन यांस, त्यांच्या लेकरांकडून. परीक्षक : लिअँडर ओल्बर्डिंग.’

शेवटच्या दोन शब्दांवर विचार केला. काढावेत का? पण शंभर वर्षांनी कोणाला प्रश्न पडला, तर उत्तर कुठे शोधायचं?

पेटी दोनशे ब्याऐंशी डॉलर. सहा उरले. ते गरिबांच्या पेटीत.

गुरुवार, २६ मार्च

पेलचं तिसरं इमेल. विषय : ‘आज शेवटचा दिवस.’ कसला? माणूस एकोणऐंशीचा आहे. त्याच्या तब्येतीसाठी प्रार्थना केली. वाचलं नाही. हा आजवरचा माझा सर्वांत कठीण उपवास.

रविवार, ५ एप्रिल. ईस्टर.

मिस्सा. हॅम. मग तीनही इमेल वाचली.

पहिलं : ‘नाणं ओतीव आहे. मूळ नाण्यावर ओरखडा होता म्हणून तो सगळ्या नकलांवर आहे. मी तुम्हाला हे सांगितलं होतं. तीस दिवसांच्या आत परत करा.’

दुसऱ्यात : ‘माझ्याकडे अशी चार आहेत. शाळेतली मुलं येतात तेव्हा त्यांना दाखवायला ठेवतो.’

आणि तिसरं : ‘तुमचं पार्सल २४ तारखेला पोचलं असेल तर मुदत आज संपते.’

हॅम जरा खारट होतं.

सोमवार, ६ एप्रिल

शांतपणे विचार केला. पेलला त्याचं नाणं विकायचं होतं. विकलं गेलं नाही. अशा माणसाचं मत निःपक्ष कसं असेल?

पार्सल उघडलं. देखणं. कोठाराच्या प्रयोगशाळेत मक्याचे दाणे मोजायचा बारीक काटा आहे. तीन पूर्णांक बहात्तर ग्रॅम. पुस्तकात दिलंय तितकंच! काटा खोटं बोलत नाही. सव्वीस वर्षांत काट्याने मला कधी दगा दिलेला नाही, माणसांनीच दिला.

गुरुवार, ९ एप्रिल

पेलला फोन. वजन सांगितलं. म्हणाला, ओतणाऱ्याकडेही काटा असतो. मग मी अगदी सहज, गंमत म्हणून, त्याचं नाणं अजून आहे का विचारलं. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारीच गेलं. आयडाहोतल्या एका लॅटिनच्या मास्तरने घेतलं. त्याने किंमत कमी करायला सांगितली नाही, फक्त परत घ्याल का एवढंच विचारलं, असं पेल म्हणाला. मला टोचून बोलायची काही गरज नव्हती.

‘रोमन खजिना’ला पत्र लिहिलं. असं खातंच आता अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. ‘सीझरफॅन’ही त्याच दिवशी गायब झालाय. दोघांना एकदम काय झालं असेल?

सोमवार, २० एप्रिल

लव्हर्नला दाखवलं. लव्हर्न कोठारात मका वाळवायचं यंत्र बघतो, साठीचा आहे, त्याच्या तोंडाला फडकं बांधायची सोय देवाने केलेली नाही. दाण्यातली कीड बघायचं भिंग त्याच्याकडे असतं. त्याने नाणं उभं धरलं, कडेकडेने फिरवलं आणि म्हणाला, लिअँडर, तुझ्या कैसराला शिवण आहे रे. माझ्या मोज्याला असते तशी.

मी म्हणालो, वयाने पडलेली रेघ आहे. म्हणाला, वय माझंही झालंय, मला नाही पडली मधोमध रेघ. मग म्हणाला, अरे पण वाईट कशाला वाटून घेतोस, तू त्या फादरना खुर्चीत बसण्यापासून वाचवलंस ना, पाय सुन्न झाले असते म्हाताऱ्याचे.

दिवसभर ट्रक मोजले. घरी येऊन पुन्हा पाहिलं. रेघ आहे. सबंध कडेने आहे. कैसराला एकदा पलीकडून बघितलं, एकदा अलीकडून. दोन अर्धे एकमेकांना चिकटवल्यासारखी रेघ आहे.

हे आज पहिल्यांदा लिहितोय : नाणं खोटं आहे.

व्हेरीनाला उद्या सांगणार.

मंगळवार, २१ एप्रिल

व्हेरीना गावात नव्हती. निदान तिची गाडी दिसली नाही. मी जिथून पाहिलं तिथून.

रविवार, १० मे

सांगायला गेलो होतो. पेटी नाण्यासकट आधीच तिच्या स्वयंपाकघरात पोचली होती, टेबलावर, दिवा लावलेला. कमिटीच्या बायका रांगेने बघत होत्या. एकजण रडली. म्हणाली, प्रभूने हात लावला असेल याला. व्हेरीना पाटी वाचत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, परीक्षक, रुबार्बची वडी घ्या.

दोन घेतल्या. तोंड भरलेलं असल्यामुळे सांगता आलं नाही.

मंगळवार, १२ मे

डेल्फीन आज टेप घेऊन माझी खुर्ची मोजत होती. रुंदी, उंची, दांडीसकट. नवं कव्हर शिवणार असेल. मला या दिवसांत काहीतरी खुपतंय हे तिने न सांगता ओळखलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात प्रेम असंच दिसतं, बोलून नाही.

शनिवार, १३ जून

निवृत्तीला आठवडा उरला. मन हलकं करायचं ठरवलं. पण फादर सेव्हरिनकडे कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला, जाणं शक्यच नव्हतं. म्हणून बावीस मैलांवरच्या दुसऱ्या गावी गेलो. तिथला तरुण पाद्री मला ओळखत नाही. वाटेत ट्रकमध्ये सगळं म्हणून पाहिलं, नीट जमत होतं.

जाळीपलीकडे कोणीतरी होतं. गुडघ्यावर बसलो आणि बोलत सुटलो. म्हणालो, फादर, मी गर्वाने गावाचे पैसे एका खोट्या नाण्यात घातले आणि ते खरं आहे म्हणून सांगत फिरतोय. भेट आमच्या म्हाताऱ्या फादरसाठी आहे. पलीकडून उत्तर नाही. शांतता मला सोसत नाही, म्हणून पुढे बोललो, की तसं काही बिघडणार नाही, आमचे फादर साधे आहेत, डोळ्यांनाही आता कमीच दिसतं, त्यांना काही समजायचं नाही.

तेव्हा पलीकडे कोणीतरी पाय हलवला, आणि गुडघा वाजला.

ते गुडघे मी एकतीस वर्षं ऐकतोय. अंधारात, हजार गुडघ्यांत ओळखेन.

तरुण पाद्री सुट्टीवर गेला होता, त्याच्या जागी हे आले होते. नंतर दारावरची चिठ्ठी वाचली. आत जाताना वाचली नव्हती.

मग आवाज आला. विचारलं, त्या म्हाताऱ्या फादरचा तुझ्यावर जीव आहे का? मी म्हणालो, आहे. म्हणाले, मग तो निभावून नेईल. पुढे विचारलं, त्याचं काही नुकसान केलंयस का तू? मी म्हणालो, हो. काय घेतलंस त्याच्याकडून? मी म्हणालो, एक खुर्ची.

मग इतका वेळ शांतता होती की मला वाटलं, झोप लागली.

शेवटी म्हणाले, जे भरून देता येईल ते भरून दे, आणि ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना खरं सांग. तीन वेळा ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हण. जा शांतीने.

कन्फेशनमध्ये ऐकलेलं पाद्र्याला कोणालाही सांगता येत नाही, चेहऱ्यावरही दाखवता येत नाही. तसा नियमच आहे. हा नियम ज्याने केला त्याचे उपकार. ट्रकमध्ये अर्धा तास बसून राहिलो.

व्हेरीनाला रविवारच्या आत सांगणार.

रविवार, २१ जून

सांगितलं नाही.

तळघर भरलं होतं. व्हेरीनाने पेटी फादरच्या हातात दिली, दिवा लावला आणि म्हणाली, आता परीक्षक दोन शब्द बोलतील. मी दोनच बोललो : अभिनंदन, फादर.

फादरनी पेटी उजेडात धरली. पाटी वाचली, पूर्ण वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. आमच्या दर गुरुवारच्या पत्त्यांच्या डावात या माणसाने वीस वर्षांत चेहऱ्यावरून एक पान कळू दिलेलं नाही. म्हणाले, अशी भेट मला आयुष्यात कोणी दिली नाही. टाळ्या. मग कोणीतरी विचारलं, फादर, खरंच इतकं जुनं असेल हो? ते म्हणाले, परीक्षकांचं नाव खाली लिहिलंय, त्यांनाच विचारा. सगळे माझ्याकडे वळले. मी कॉफी आणायला गेलो.

नंतर दीड तास फादर उभे राहून एकेकाचा हात हातात घेत होते. अकराव्या माणसानंतर त्यांनी टेबलाची कड धरली. तिसाव्यानंतर दोन्ही हातांची गरज होती, पण एक हात लोकांकडे होता. मी मोजत होतो. मोजणं हे माझं काम आहे.

घरी आलो. खुर्चीत बसलो. दांडी ओढली. पाय वर आले. पाय खाली केले.

मंगळवार, २३ जून

व्हेरीनाच्या दारात गेलो. या वेळी तिची गाडी दिसत असताना गेलो. ती वाटाणे सोलत होती. वडी देऊ केली, मी नको म्हणालो. मग सांगितलं. पेल, ओरखडा, व्रत, इमेल, शिवण, सगळं.

ती सोलायची थांबली नाही. म्हणाली, ठाऊक आहे. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी डेल्फीनने फोन केला होता. आम्ही वाट बघत होतो, तू कधी येतोस त्याची.

मी म्हणालो, मग मला अडवलं का नाही? त्या दिवशी दोन शब्द बोलायला उभं का केलं?

म्हणाली, जानेवारीत तू इतकं छान बोललास, लिअँडर, तुझी आई असायला हवी होती ऐकायला. म्हटलं, आणखी एकदा देऊ संधी. तर तू दोनच शब्द बोललास. मग म्हणाली, आणि ती खुर्ची?

मी म्हणालो, कुठली? म्हणाली, फादरच्या नव्या खोलीचं दार छत्तीस इंची आहे. डेल्फीन मे महिन्यातच मापं घेऊन गेली माझ्याकडून.

घरी आलो. डेल्फीन हॉटडिश वाढत होती. मी म्हणालो, तू कव्हर शिवणार होतीस ना? ती म्हणाली, कसलं कव्हर?

गुरुवार, २५ जून

सुट्टी काढली. लव्हर्न आणि मी मिळून खुर्ची ट्रकमध्ये चढवली. लव्हर्न म्हणाला, वजन करायचं का, परीक्षक? मी नको म्हणालो, तरी काट्यावरून नेलीच. बेचाळीस किलो. गादीच्या फटीत जपमाळेचा एक मणी आणि नव्वद सेंट सापडले. मणी मी ठेवला.

फादरची खोली वृद्ध पाद्र्यांच्या घरात, पहिल्या मजल्यावर. एक पलंग, एक क्रूस, एक लाकडी खुर्ची. खिडकीत अक्रोडाची पेटी, दिवा लावलेला.

मी तयारी करून गेलो होतो, पण एवढंच म्हणालो, फादर, ही मला आता जरा मऊ पडते, तुम्हाला चालेल का? त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. दांडीकडे पाहिलं. म्हणाले, ओळखीची वाटते.

ठेवली. तर डगमगायला लागली. खोलीची जमीन एका कोपऱ्यात खचलेली आहे. लव्हर्नने पुठ्ठा शोधला, जाड झाला. कागद, पातळ झाला. मी माझं पाकीट काढत होतो तेवढ्यात फादरनी पेटीचं काचेचं झाकण उघडलं. दिनार काढला. गुडघे वाजवत वाकले आणि तो खुर्चीच्या मागच्या उजव्या पायाखाली सरकवला.

लव्हर्नचं तोंड उघडं राहिलं. मी जमिनीकडे बघत राहिलो.

फादर म्हणाले, इतकं जुनं नाणं, एवढं सगळं सोसून टिकलंय. माझं वजनही सोसेल. चेहरा पत्त्यांतला. मग बसले. खुर्ची हलली नाही. दांडी ओढली, पाय वर गेले, आणि त्यांनी जो श्वास सोडला तो मी विसरणार नाही. आम्ही दारापाशी पोचेपर्यंत झोपले होते. कोणी हलवून उठवायला नव्हतं. आम्ही दार हळू लावलं.

पेटीतला दिवा तसाच चालू राहिला. पाटीवर माझं नाव तेवढं दिसत होतं.

हे स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर बसून लिहितोय. पाठ दुखते. डेल्फीन म्हणते, ताठ बसायची सवय होईल. बैठकीच्या खोलीत, जिथे खुर्ची होती तिथे, कार्पेटवर चार खळगे आहेत.

खुर्ची देऊन आलो.